‘लिंक आहे’ म्हणता, पण कशाला कशाची?

बँकेत गेलं की ‘आज लिंक नाही’, सेवा केंद्रावर ‘आधार लिंक करा’, कृषी केंद्रात ‘युरियाला लिंकिंग आहे’, आणि मोबाईलवर तर रोज एखादी लिंक येऊन पडते. इंग्रजी शब्द एकच, अर्थ मात्र जागोजागी वेगळा.

लिंक म्हणजे मुळात साखळीची कडी. एक कडी दुसरीत अडकली तरच साखळी ओढ घेते. म्हणून लिंक एकट्याची नसते, तिला दुसरी बाजू लागतेच. बँकेतली ‘लिंक नाही’ म्हणजे शाखेचा मुख्य सर्व्हरशी संपर्क तुटलाय, खात्यातल्या पैशाला काही झालेलं नसतं.

जास्त घोळ होतो तो आधारचा. ‘खात्याला आधार लिंक आहे, तरी पीएम किसानचे 2000 आले नाहीत,’ असं अनेक जण म्हणतात. एक आधार चार खात्यांना जोडता येतं, पण आधारवरून येणारं सरकारी अनुदान एकाच खात्यात पडतं. कोणत्या, ते एनपीसीआयच्या नोंदीवर ठरतं. या नोंदीला ‘सीडिंग’ म्हणतात. दुसऱ्या बँकेत नवं खातं काढताना संमतीच्या कागदावर सही केली की सीडिंग तिकडं सरकतं. मग पैसे नव्या खात्यात आणि माणूस जुनं पासबुक घेऊन रांगेत! यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी ओटीपी येतो, म्हणजे मोबाईल नंबरही आधारला जोडलेला हवा. खातं बदलायचं असेल तर बँकेत नुसतं ‘लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी सीडिंग करायचंय’ असं सांगून अर्ज द्या.

खताचं लिंकिंग ही जोडणी नव्हे, सक्ती आहे. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची, पण सोबत नको असलेलं औषध किंवा दुसरं खत घेतल्याशिवाय ती मिळत नाही. ‘कंपनीच आमच्या गळ्यात मारते,’ असं दुकानदार सांगतात. त्यात तथ्य असेलही, पण अशी सक्ती करायला परवानगी नाही. पक्की पावती घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या.

राहिली मोबाईलवरची लिंक. योजनेच्या नावानं आलेली एपीके फाईल उघडू नका, ती फोनमधले ओटीपी पळवू शकते. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा.