दोन तारांची पुण्याई

रासायनिक कारखान्यात टाकीतला दाब किंवा पातळी कंट्रोल रूमला कळवण्याचं काम एके काळी हवा करायची. बारीक नळ्यांतून ३ ते १५ पीएसआय दाबाचा संकेत जायचा. पुढे त्याची जागा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाने घेतली. सुरुवात शून्याऐवजी चारपासून करण्यात मोठं शहाणपण होतं. तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो. शिवाय त्याच दोन तारांतून उपकरणाला वीजही मिळते.

१९७५ मध्ये हनीवेलच्या टीडीसी २००० आणि योकोगावाच्या सेंटम या संगणकीय नियंत्रण प्रणालींनी कंट्रोल रूमचं रूप पालटलं. जुन्या कारखान्यांना खरा हात दिला तो मात्र हार्ट प्रोटोकॉलने. रोझमाउंटने विकसित केलेला हा प्रोटोकॉल १९८६ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तो जुन्याच प्रवाहावर डिजिटल संकेत चढवतो. केबल तीच राहते, बदलतो तो ट्रान्समीटर. दुर्दैवाने अनेक ठिकाणची इनपुट कार्डं हा संकेत वाचू शकत नव्हती. उपकरण स्वतःचा बिघाड सांगत असे आणि ते ऐकायला कोणी नसे. अशा ठिकाणी नवी उपकरणं मागवण्याआधी हा संकेत वेगळा काढून वाचणारा मल्टिप्लेक्सर बसवणं हाच स्वस्त मार्ग.

नंतर आलेल्या फील्डबसने एकाच जोडतारेवर अनेक उपकरणं बसवली. नव्या प्रकल्पात केबलचा खर्च वाचला; जिथे केबल आधीच टाकलेली होती, तिथे हिशेब जुळणं कठीण गेलं.

आधुनिकीकरणाचा पैसा आधी कुठे घालायचा, याचं उत्तर २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत फार महागात मिळालं. १७० फुटी मनोऱ्यात द्रव सुमारे १५८ फुटांवर पोचला होता, आणि पातळीचा ट्रान्समीटर आठ फुटांच्या आसपासचा, तोही हळूहळू उतरणारा आकडा दाखवत होता. मुळात तो तळाचे काही फूटच मोजू शकत होता, आणि त्याचं कॅलिब्रेशन चुकीच्या विशिष्ट गुरुत्वावर झालेलं होतं. पाहणीची काच मळलेली होती. उच्च पातळीचा स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. त्यातून झालेल्या स्फोटात १५ कामगार गेले. इथे गरज होती ती मोजक्या बिंदूंवर नीट लक्ष देण्याची, सगळा प्लांट नव्याने सजवण्याची नव्हे.

वायरलेस हार्ट २००७ मध्ये आलं. लांबच्या टँक फार्ममध्ये, जिथे केबलसाठी खोदकामच परवडत नाही, तिथे ते शोभतं; वेगवान नियंत्रणाच्या लूपवर तारच बरी. २०२१ च्या इथरनेट-एपीएल या डिजिटल जाळ्यालाही दोनच तारा पुरतात आणि फील्डबसची ‘ए’ प्रकारची केबल त्याला चालते. म्हणून ज्या कारखान्यांत ती टाकलेली आहे, त्यांनी पुढच्या शटडाउनची खरेदी ठरवण्याआधी ती तपासून घ्यावी.