पट्ट्याच्या पोटातली काच

मिस्त्रीने नवा टायमिंग बेल्ट खोक्यातून काढला आणि माझ्या हातात देण्याआधीच बजावलं, "ताई, बघा, पण दुमडू नका. आत काच असते."

काच! हातात तर काळा, दातेरी, जेमतेम दोन बोटं रुंद रबरी पट्टा होता. कोलशेत रोडवरच्या त्या गॅरेजात मी आले होते खर्चाचं विचारायला. आमची सँट्रो 2006 सालची. विकायला काढली तर साठ हजार आले तरी खूप. तिच्यातला न तुटलेला पट्टा बदलायला साडेपाच हजार कशाला घालायचे, हा माझा प्रश्न होता. पण 'काच' ऐकलं आणि मी स्टूल ओढून बसले.

रबराच्या पोटातून काचेच्या तंतूंचे दोर गेलेले असतात. केसाहून बारीक तंतू, पीळ देऊन वळलेले. रबर ओढलं की लांबतं, हे दोर जवळजवळ लांबतच नाहीत. मात्र करकचून घडी पडली तर तंतू आतल्या आत तुटतात आणि वरून काही कळत नाही.

इथे लांबून चालणारच नसतं. खाली पिस्टनांच्या जोरावर क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि हा पट्टा त्या दोघांना जोडतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची बरोबर एक, म्हणून कॅमच्या पुलीला दाते दुप्पट. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो! बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. एकाने जागा सोडली की दुसरा तिथे हजर. पट्टा तुटला की कॅम थबकतो, पिस्टन मात्र वेगात वर येतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेड उतरवा, वाकलेले व्हॉल्व्ह बदला. मिस्त्रीने त्याचा अंदाज पंचवीस हजारांच्या पुढे सांगितला.

असा दातेरी पट्टा आला शिवणयंत्रातून. 1940 च्या दशकात अमेरिकेत तो सुई आणि बॉबिनचा मेळ राखण्यासाठी वापरला गेला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बव्हेरियातल्या 'ग्लास' नावाच्या मोटार कंपनीने 1004 या मोटारीत त्याच्यावर कॅमशाफ्ट फिरवला. आपल्याकडे कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत लोखंडी साखळी होती. त्याच प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यातून 1990 च्या दशकात प्यूजो 309 बाहेर पडली, तिच्यात पट्टा होता. साखळीला तेल लागतं, ती खडखडते. पट्टा कोरडा, हलका आणि मुका. मुका असल्यामुळेच तो बहुधा न सांगता जातो.

बिलात पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर यांच्यापेक्षा मजुरी मोठी का, हे काम सुरू झाल्यावर मी डोळ्यांनी पाहिलं. चाक निघालं. इंजिनाला खालून जॅकचा टेकू देऊन एका बाजूचं माउंटिंग सोडलं. एसीचा पट्टा, अल्टरनेटरचा पट्टा, क्रँकची पुली, मग झाकणं. एवढं उघडल्यावर तेल गळणारं सील तसंच ठेवून झाकण लावणं मला शहाणपणाचं वाटत नाही. त्या शेपाचशेच्या वस्तूसाठी हीच मजुरी पुन्हा मोजावी लागेल.

"पण गाडी फार चालतच नाही हो आमची," मी म्हटलं.

"किलोमीटर नका बघू. माजिवड्याला किती वेळ उभी असते?"

मी हिशेब केला. गाडी उभी असतानाही इंजिन मिनिटाला साधारण 800 फेऱ्या घेतं. तासाभरात 48,000. कोलशेतहून निघून माजिवडा, कापूरबावडीच्या कोंडीत तास गेला, तर मीटरवर चार-पाच किलोमीटर दिसतात आणि तेवढ्यात पट्ट्याने कॅमला हजारो फेरे घातलेले असतात. बॉनेटखालच्या उकाड्यात रबर म्हातारं होतं ते वेगळंच. जुना पट्टा मिस्त्रीने उलटा वाकवून दाखवला, तेव्हा दातांच्या मुळाशी बारीक चिरा उघडल्या. सरळ धरल्यावर त्या पुन्हा मिटल्या.

नवा पट्टा चढला. पुलींवरच्या खुणा जुळल्या, टेन्शनर आवळला. मला वाटलं, आता चावी फिरवणार. पण त्याने क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि हातानेच सावकाश दोन पूर्ण फेरे दिले, कुठे काही अडतंय का याचा अंदाज घेत. दुसरा फेरा संपला तेव्हा वरची खूण आणि खालची खूण पुन्हा आपापल्या जागी येऊन थांबल्या होत्या. मगच त्याने झाकणाचे बोल्ट उचलले.