रंगांत दडलेला आकार

एखाद्या वस्तूचा आकार संगणकाला कसा सांगायचा? छायाचित्रातून समोरची बाजू कळते, पाठीमागची नाही. कागदावरचा बिंदू आपण दोन निर्देशकांनी दाखवतो. अवकाशातील बिंदूला एक्स, वाय आणि झेड असे तीन निर्देशक लागतात. वस्तूच्या पृष्ठभागावरील पुरेसे बिंदू घेऊन शेजारचे बिंदू त्रिकोणांनी जोडले, की तिचे प्रारूप तयार होते.

'सेकंड लाइफ' हे आभासी जग अमेरिकेतील लिंडेन लॅब या कंपनीने २००३ मध्ये खुले केले. तेथील घरे, भांडी, झाडे वापरणारी माणसेच घडवतात. सुरुवातीला घन, गोल, नळकांडे असे ठरावीक आकारच जोडता येत. २००७ मध्ये एका युक्तीने हवे तसे आकार घडवण्याची सोय झाली. संगणकावरील चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाच्या मात्रा असतात. प्रत्येक मात्रा ० ते २५५ पर्यंत. तीन रंग आणि तीन निर्देशक! तांबडा म्हणजे एक्स, हिरवा म्हणजे वाय, निळा म्हणजे झेड असे ठरले आणि चित्रातूनच आकार पाठवता येऊ लागला.

हे वर्गात करून पाहता येईल. आलेखाच्या कागदावर ५ × ५ चौकटी आखा व प्रत्येकीत तीन संख्या लिहा. पहिली संख्या डावीकडून उजवीकडे ० ते ४, दुसरी खालून वर ० ते ४, तिसरी सगळीकडे ०. ही झाली सपाट चादर. आता फक्त मधल्या चौकटीतील तिसरी संख्या ४ करा. चादरीचा तंबू झाला!

एवढ्यासाठी केवळ उंची सांगणारा एक रंगही पुरला असता. पण माठाचा विचार करा. त्याच्या फुगीर पोटावर एकाच जागी खालची व वरची अशा दोन उंची येतात. तिन्ही निर्देशक मोकळे असले तरच पृष्ठभाग असा वळून स्वतःवर येऊ शकतो.

अडचण अशी, की हे चित्र डोळ्यांना इंद्रधनुष्य फिसकटल्यासारखे दिसते. त्यात माठ आहे की जोडा, ते कळत नाही. म्हणून पूर्वदर्शनाची साधने लागतात. असे साधन साधारणतः ६४ × ६४ ठिपक्यांच्या चित्रातून ३३ × ३३, म्हणजे १०८९ बिंदू घेते व २०४८ त्रिकोण रेखाटते. त्याला कडा कशा जोडायच्या हेही सांगावे लागते. कागदाच्या डाव्या-उजव्या कडा जोडल्या तर सुरळी होते. सुरळीची तोंडे एकमेकांना जोडली तर बांगडी. प्रत्येक तोंड एकेका बिंदूत मिटवले तर गोल. जोड चुकला तर माठ उभा फाटलेला दिसतो.

पूर्वदर्शनात आणखी दोन दोष पकडता येतात. वस्तू १० मीटर रुंद असेल, तर २५५ पायऱ्यांत विभागल्यावर प्रत्येक पायरी जवळजवळ ४ सेंटिमीटरची होते. याहून बारीक नक्षी टिकत नाही. दुसरा दोष चित्र दाबून लहान करताना येतो. दाबण्याच्या काही पद्धती रंगात किंचित फरक करतात. छायाचित्रात तो फरक जाणवत नाही. येथे मात्र रंग बदलला की बिंदूच सरकतो आणि गुळगुळीत गाल खडबडीत होतो. एकदा गेलेली माहिती कोणतेही साधन परत आणू शकत नाही. म्हणून मूळ चित्र न बिघडवणाऱ्या पद्धतीनेच जपले पाहिजे.

२०११ मध्ये सेकंड लाइफमध्ये त्रिकोणांची जाळी थेट चढवण्याची सोय आली. मग जुन्या शिल्पांचे रूपांतर करण्याची गरज वाढली, नाहीतर लोकांनी कष्टाने घडवलेले आकार इतर कार्यक्रमांच्या उपयोगी पडले नसते. चित्राकडून जाळीकडे जाणे सोपे आहे. 'ओबीजे' प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूची एक ओळ लिहायची आणि कोणते बिंदू कोणाशी जोडायचे, त्याच्या ओळी पुढे द्यायच्या. ही फाइल साध्या मजकुराची असते. विद्यार्थी ती उघडून वाचू शकतात.

उलटा प्रवास कठीण. कोणतीही जाळी एका चौकोनी कागदावर पसरता येईलच असे नाही. गोलाला आरपार भोक नसते, बांगडीला एक असते. मग दोन कड्यांची कढई एकाच कागदातून, कडा नीट जोडून, करता येईल का? कड्यांतून आरपार जाणारी भोके मोजा म्हणजे उत्तर मिळेल. आणि अशी कढई किमान किती तुकड्यांत घडवावी लागेल, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.