तेलाचा खवटपणा आणि फिनॉलांची घडण

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी महिनाभर राहिला की त्यास खवट वास येऊ लागतो. हे काम हवेतील ऑक्सिजनचे. तेलाच्या रेणूंत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. त्यांत दोन द्विबंधांच्या मध्ये सापडलेला हायड्रोजन सैल असतो. तो निसटला की मागे एकट्या इलेक्ट्रॉनचे अस्वस्थ मूलक उरते. ते ऑक्सिजनशी जुळते आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावून घेते. मग शेजारीही तेच करतो. एका चोरीतून शेकडो चोऱ्या!

हे सत्र थांबवावयाचे, तर चोरास आपण होऊन हायड्रोजन देणारा कोणी हवा, आणि दिल्यावर तो स्वतः चोर बनता कामा नये. अशा द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात, व फिनॉले त्यांत प्रमुख. बेंझीनच्या षट्कोनी वलयास ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागली की फिनॉल होते. हायड्रोजन गेल्यावर उरलेला एकटा इलेक्ट्रॉन सबंध वलयावर पसरतो आणि मूलक निवते.

तरीही साधे फिनॉल ह्या कामी दुबळेच. त्याचा हायड्रोजन तोडण्यास मोलमागे सुमारे ८८ किलोकॅलरी लागतात, आणि चोराच्या हाती तो गेल्यावर जुळणारा बंधही जवळपास तेवढ्याच बळाचा. मग सौदा का व्हावा? ई जीवनसत्त्वात हाच आकडा ७८ च्या आसपास येतो. वलय तेच, फरक शेजाऱ्यांचा.

त्याच्या वलयावरील तीन मिथिल गट वलयास इलेक्ट्रॉन पुरवतात. समोरच्या टोकास दुसरा एक ऑक्सिजन आहे, तोही पुरवतो. मात्र तो नीट वळलेला असेल तरच. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत बर्टन व इंगोल्ड ह्यांनी १९८० च्या दशकात हे मोजून दाखविले. त्यांच्या एका तुलनेच्या फिनॉलात ऑक्सिजन मोकळा होता. लगतच्या मिथिलांच्या दाटीने तो वलयाच्या पातळीबाहेर वळला, आणि वेग सुमारे आठपटीने घटला! ई जीवनसत्त्वात दुसऱ्या वलयाने त्यास जागच्या जागी बांधून ठेवले आहे. आम्हांस ह्या विषयातील हीच गोष्ट सर्वांत मनोहर वाटते.

जोड्या किती ह्याहून त्या कोठे, हे महत्त्वाचे. चहातील कॅटेचिनांत दोन जोड्या अगदी लगत असतात, म्हणून ती बलवान. मध्ये एक घर सोडून बसलेल्या दोन जोड्यांचा तेवढा उपयोग नाही.

वेष्टनावर ‘प्रतिऑक्सिडीकारक’ हा शब्द वाचून पैसे मोजणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगू, की चंचुपात्रातील बळ म्हणजे शरीरातील लाभ नव्हे. अमेरिका व कॅनडा येथील सुमारे ३५ हजार पुरुषांवरील चाचणीचा वृत्तान्त २०११ मध्ये आला; तीत रोज ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

तेलाच्या डब्यात मात्र फिनॉलांचे काम निर्विवाद आहे. भाजलेल्या तिळांच्या तेलात सेसॅमोल असते, आणि ते तेल पुष्कळ टिकते. पण ई जीवनसत्त्वाचा एक रेणू साधारण दोन चोर आवरून संपतो. साठा सरला की खवटपणा झपाट्याने वाढतो. म्हणून जुन्या, वास लागलेल्या तेलात ताजे तेल ओतू नये.