कोंबडीची सुरी वेगळी ठेवू या

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. आम्हा अवसरी बुद्रुककरांना पुणे काही लांब नाही.

हा जिवाणू धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्याही आतड्यात राहतो. दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या मांसातून तो पोटात गेला, की साधारण दोन ते पाच दिवसांत ताप, पोटात कळा, जुलाब, कधी रक्तही. बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. क्वचित एखाद्याच्या हातापायांतले बळ जाते.

म्हणून हलालबरोबर तय्यबही पाहू. पाणी उकळून घेऊ. कोंबडी कापलेली सुरी न धुता कांदा-काकडीला लावू नये. सालन पूर्ण शिजवावे. जुलाबानंतर पायांत मुंग्या आल्या, चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.