रिपीट, दुबार आणि नांग्या

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ची फेरपरीक्षा 23 जून 2024 रोजी झाली, वाढीव गुण रद्द झालेल्या 1563 जणांपुरतीच. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या काही याचिकांची मागणी मात्र सगळी परीक्षाच नव्याने घ्या, अशी होती. कट्ट्यावर दोन्हींना एकच शब्द: रिपीट.

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये या दोन गोष्टींची गल्लत व्हायची नाही. सोयाबीन उगवलं, पण तासात मध्येच हातभर जागा बोडकी राहिली, तर वाकून तेवढ्याच जागी दाणे टोबायचे. याला म्हणतात नांग्या भरणं. पावसानं दडी मारून दाणा मातीतच करपला, की अख्खं रान मोडायचं, पुन्हा बियाण्याच्या बॅगा, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं. ही दुबार पेरणी. म्हणून तर 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. 1563 जणांची ती परीक्षा म्हणजे नांग्या भरणं. याचिकाकर्त्यांना हवी होती ती दुबार पेरणी.

इंग्रजांचं ‘रिपीट’ लॅटिनमधल्या ‘पेटेरे’वरून आलं. अर्थ: एखाद्या गोष्टीकडे धावणं, ती मागणं. पिटिशन आणि कॉम्पिटिशन ही त्याचीच भावंडं. स्पर्धा, याचिका, फेरपरीक्षा: ‘नीट’चा सगळा गोंधळ एकाच धातूच्या पोटातला!

पोटावरून आठवलं. कांदा ‘रिपीट’ होतो असं इंग्रज म्हणतो, तेव्हा त्याला कांद्याचे ढेकर येत असतात. आपल्याकडे रोडग्यांच्या पंगतीनंतर हे बऱ्याच जणांचं होतं, पण त्याला रिपीट म्हणायचं कुणाला सुचलेलं नाही. बारमध्ये मात्र वेटरला ‘रिपीट’ एवढं म्हटलं की पुरे. तोच ब्रँड, तेवढाच पेग.

मराठीत अशा शब्दांना तोटा नाही. पाढ्यांची उजळणी, अक्षरं गिरवणं, दुसऱ्याची री ओढणं. प्रत्येकाची चव वेगळी. मग ‘रिपीट’ घराघरांत घुसलं कसं? ‘नापास’ हा शब्द टोचतो म्हणून. बोर्डाच्या लेखी दुसऱ्यांदा बसणारा ‘पुनर्परीक्षार्थी’, पण एवढा लांबलचक शब्द घरात कोण वापरणार? बारावी चांगल्या गुणांनी सुटलेली, ‘नीट’साठी लातूरला खोली घेऊन आणखी एक वर्ष काढणारी पोरगी नापास नसतेच. पाहुण्यांनी विचारलं, की आई सहज सांगते, “रिपीट करतेय.” पाहुणेही मग पुढचं विचारत नाहीत.