उजेड कमी, की काच धूसर?

डिसेंबरातली गोष्ट. पिंगळीकडचे एक निवृत्त गुरुजी साखरेच्या तपासणीसाठी ओपीडीत आले होते. रिपोर्ट पाहून झाला, गोळ्या लिहून झाल्या. उठता उठता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडीचा बल्ब दोनदा बदलला, तरी रात्री उजेड पडंना. मेकॅनिक म्हणतो, शंभरचा टाका. टाकू का?"

गाडीचा प्रश्न दवाखान्यात कशाला, असं कुणालाही वाटेल. मी मात्र टॉर्च घेऊन त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्यांमागे करडी झाक होती. मग त्यांच्यासोबत बाहेर जाऊन गाडीही पाहिली. बारा वर्षांची गाडी, हेडलाइटच्या काचा जुन्या वर्तमानपत्रासारख्या पिवळट. म्हणजे गाडीलाही मोतीबिंदू आणि मालकालाही. बल्बचा यात काही दोष नव्हता.

"गुरुजी, बल्ब राहू द्या. आधी दोन्ही काचा बघू," मी म्हणालो.

आजचा लेख या काचांविषयी. रात्री रस्त्यावर पडलेला उजेड आपल्याला दिसेपर्यंत तीन काचांतून जातो: हेडलाइटची काच, पुढची मोठी काच आणि डोळ्यातलं भिंग. यातली एकही धूसर असेल, तर बल्ब कितीही मोठा लावला तरी दिसणं सुधारत नाही. बऱ्याचदा ते बिघडतंच.

काच नव्हे, प्लास्टिक

जुन्या जीपची किंवा अॅम्बेसेडरची हेडलाइट खरोखर काचेची असायची. दगड लागला तर फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आजच्या गाड्यांत ती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक हलकं आणि चिवट, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे दुबळं. म्हणून कारखान्यात त्यावर संरक्षक लेप देतात. परभणीच्या मे महिन्यातलं ऊन, रस्त्यावरची बारीक वाळू आणि कोरड्या फडक्यानं रोज पुसणं, यांनी तो लेप झिजतो. मग प्लास्टिक पिवळं पडतं आणि त्यावर बारीक भेगांचं जाळं तयार होतं.

अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेनं 2018 साली अशा जुन्या हेडलाइट तपासल्या. डिपरवर त्यांचा उजेड नव्या हेडलाइटच्या सुमारे 22 टक्केच भरला. बाकीचा उजेड त्या जाळ्यात अडकतो किंवा चहूबाजूंना विखुरतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो.

आता वेगाचा हिशेब पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तिथंच गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे अडथळा किमान 50 मीटरवरून दिसायला हवा. ऊसतोडीच्या हंगामात, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली धूसर हेडलाइटमध्ये कधी दिसेल, याचा विचार आपणच करावा.

माझी चूक

हे मी अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री पिंगळीहून परभणीला येताना अशीच एक उसाची ट्रॉली मला फार उशिरा दिसली. ब्रेक लागला आणि गाडी हातभर अंतरावर थांबली. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात जाऊन पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसवून घेतले. काचा पिवळ्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

पहिल्या रात्री वाटलं, दिवस उजाडला. पण समोरचा प्रत्येक जण मला अप्पर-डिपर मारून शिव्या घालत होता. मी तर डिपरवरच होतो. एक सायकलवाला तर डोळ्यांवर हात धरून रस्त्याखाली उतरला आणि अडखळला. आपल्याला दिसावं म्हणून आपण दुसऱ्याला आंधळं करतोय, हे तेव्हा लक्षात आलं. आठवड्यात ते बल्ब काढले.

असं का होतं? हॅलोजनच्या हेडलाइटमागचा आरसा एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत लागणाऱ्या एच-4 बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते. बाजारातल्या एलईडीत उजेड देणारे ठिपके वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या जागी असतात. त्यामुळे उजेडाची रेघ फुटते आणि तो वर उसळतो. कंपनीतूनच एलईडी आलेली गाडी वेगळी. तिथं आरसा आणि दिवा एकमेकांसाठीच बनवलेले असतात.

गुरुजींच्या "शंभरच्या" बल्बचंही तसंच. एच-4 चं नेहमीचं माप 12 व्होल्ट, 60/55 वॅट. 60 वॅटला वायरमधून 5 अँपिअर वीज जाते, 100 वॅटला आठच्या वर. वायर आणि होल्डर तापून वितळतात, आरशाचा मुलामा जळतो. काच धूसर असेल तर हा वाढीव उजेडही विखुरतोच.

काच कशी साफ करावी?

काच बाहेरून खराब झाली असेल, तरच घासून उपयोग. आत पाणी किंवा वाफ असेल तर सील गेलं आहे, ते मेकॅनिकनं पाहावं. आतल्या आरशाची चकाकी गेली असेल, तर पूर्ण हेडलाइट बदलणं बरं.

बाहेरून घासण्याची रीत सोपी आहे. काच साबणाच्या पाण्यानं धुवा. भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावा. मग पाणी मारत वॉटर पेपरनं घासा: आधी 800 किंवा 1000 नंबर, मग 2000, शेवटी 3000. सुरुवातीला काच आणखी पांढरी दिसते, घाबरू नका. नंतर मऊ फडक्यावर रबिंग कंपाउंड घेऊन चमक आणा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तीच सर्वांत महत्त्वाची: अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप. तो न दिल्यास काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. त्याच तपासणीत नीट साफ केलेल्या काचांचा उजेड नव्याच्या सुमारे 70 टक्क्यांपर्यंत परत आला होता.

डॉक्टर म्हणून एक इशारा. फवारायच्या काही दोन-घटकी लेपांत आयसोसायनेट असतं, त्यानं दम्याचा झटका येऊ शकतो. दमेकऱ्यांनी हे काम स्वतः करू नये. इतरांनीही ते उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच करावं.

टूथपेस्टनं चमक येते, पण लेप नसल्यानं टिकत नाही. डास पळवणारं औषध चोळण्याचा उपाय मोबाईलवर फिरतो, तो टाळा. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं. काच तासाभरासाठी चकाकते आणि नंतर आणखी बिघडते.

बल्ब घेताना

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार आणि वॅटच घ्या. बल्बवर गोलात 'ई' अक्षर व आकडा अशी मान्यतेची खूण असते, ती पाहा. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला, कारण जुना बल्ब आतून काळवंडत मंद होत जातो. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डाग तापून बल्ब लवकर जातो. नव्या बल्बनंही उजेड मंदच असेल, तर बॅटरी आणि अर्थिंग तपासून घ्या.

शेवटी रोख पाहा. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली हवी. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. अनेक गाड्यांत त्यासाठी स्टिअरिंगजवळ छोटं चाक असतं, पण ते वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही.

आणि तिसरी काच

वय वाढतं तशी बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळट होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदू असेल, तर समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसतात आणि गाडी निघून गेल्यावरही काही क्षण अंधारी राहते. लायसन्सच्या अर्जात 25 मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, असा प्रश्न आहे, पण तो चांगल्या दिवसाउजेडातला. दिवसा सगळं वाचणारा माणूस रात्री चाचपडू शकतो. मधुमेह असेल तर पडद्याचीही तपासणी दरवर्षी हवी.

हेडलाइट आणि डोळा यांत एक मोठा फरक आहे. हेडलाइटचा धूसरपणा पृष्ठभागावर असतो, म्हणून तो घासून जातो. मोतीबिंदू भिंगाच्या आत असतो. तो कुठल्याही थेंबानं, चूर्णानं किंवा मधानं विरघळत नाही. भिंगच बदलावं लागतं. गंमत म्हणजे हे कृत्रिम भिंगही प्लास्टिकचंच. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेच्या प्लास्टिकचे कण घुसले, तरी डोळ्यांनी ते सहन केले. ते पाहूनच हॅरोल्ड रिडली यांनी 1949 साली लंडनमध्ये पहिलं भिंग बसवलं. आज ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते.

गुरुजींनी आधी काचा घासून घेतल्या, आणि संक्रांतीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दुसरा डोळा होईपर्यंत रात्री गाडी मुलगा चालवतो. परवा तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बल्ब जुनाच हाये बरं का."

तुम्हाला रात्री उजेड कमी वाटत असेल, तर दुकानात जाण्याआधी तिन्ही काचा एकदा पाहून घ्या.